गुरुजी गप्प होते तो पंधरवडा

कॉम्प्युटर न दाखवता कॉम्प्युटर शिकवायचा, हा माझ्या एम.टेक.च्या प्रबंधाचा विषय. ऐकणारे हसायचे आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या संस्थेत एकच मशीन होतं, तेही काचेपलीकडे, थंडगार खोलीत. आपण प्रोग्राम कार्डांवर पंच करायचा, गठ्ठा खिडकीतून आत सरकवायचा, आणि दुसऱ्या दिवशी कागद हातात पडायचा की चूक आहे. कुठं आणि का, हे नवशिक्याला काही केल्या कळायचं नाही. निम्मी पोरं तिथंच नाद सोडायची.

म्हणून मी एका फळीवर रिकाम्या आगपेट्या चिकटवल्या होत्या. प्रत्येक पेटीवर एक अक्षर, आत आकडा लिहिलेली चिठ्ठी. शेजारी सूचनांचा कागद आणि त्यावरून खाली सरकवायचा पुठ्ठ्याचा बाण. शिकणाऱ्यानं स्वतःच मशीन व्हायचं. सूचना वाचायची, पेटी उघडायची, जुनी चिठ्ठी काढून नवी टाकायची आणि बाण पुढं सरकवायचा. माझ्या मते याहून सोपं जगात काही नव्हतं.

माझे मार्गदर्शक म्हणाले, "संस्थेतली मुलं नवशिकी नव्हेत. ज्यांनी या मशीनचं नाव ऐकलेलं नाही अशांवर करून बघ. एका तुकडीला पेट्या दे, दुसरीला नुसता फळा आणि खडू. मग दोघींना एकच पेपर." जूनअखेर प्रबंध हातात आला नाही तर संस्थेतून नाव कमी होईल, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जात होतं? पण नाव न ऐकलेली मुलं कुठं मिळतील हे मला बरोबर ठाऊक होतं. फळी धोतरात गुंडाळली आणि गावची वाट धरली.

गाव म्हणजे डोंगरकड्याला एस.टी.तून उतरून पुढं पायी जायचं. आमचा हिंगोलीचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. आमच्या बौद्ध वस्तीतून कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि मला तिथवर ढकलणारे आमचे गणिताचे गुरुजी. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, मराठी आमच्यासारखीच बोलणारे, ईदला आमच्या घरी शीरखुर्म्याचा डबा पाठवणारे. मॅट्रिकनंतर मला कुणाच्या तरी शेतावर सालानं ठेवायचं चाललं होतं, तेव्हा ते माझ्या बापासमोर ओसरीवर ठाण मांडून बसले होते. "याला शिकवता का मी हितंच जेवाया बसू रोज?" म्हणाले. बाप हसला आणि मी शिकलो.

मी गेलो तेव्हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा महिना चालू होता. एप्रिलअखेर ते निवृत्त होणार होते. माझी फळी बघून ते हरखून गेले. नववीच्या दोन्ही तुकड्या त्यांनी हेडमास्तरांकडून मागून घेतल्या. सकाळच्या शाळेत मी एकीला पेट्यांवर शिकवायचो, दुसरीला फळ्यावर. परीक्षेचे पेपर आणि उत्तरांचा कागद मी शाळेच्या कपाटात ठेवला होता. कपाटाची चावी अर्थातच गुरुजींच्या करगोट्याला.

पेपर तपासायला बसलो आणि पहिल्यांदा आनंदानं उडालो. उत्तरांच्या कागदाशी ताडून बघितलं तर पेट्यांची तुकडी सगळी बरोबर! मग फळ्याची तुकडी काढली, तीही सगळी बरोबर. तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. मग एका प्रश्नाशी अडखळलो. त्यात एकपासून पाचपर्यंतचे आकडे एकेक करून पेटीत मिळवायचे होते. शेवटी पेटीत किती? बेरीज पंधरा. सगळ्या पोरांनी दहा लिहिलं होतं. दोन्ही तुकड्यांनी, एकजात दहा. उत्तरांचा कागद पुन्हा नीट बघितला तर तिथं माझ्याच अक्षरात दहा. शेवटचा फेरा मोजायला मीच विसरलो होतो. नवशिक्यांना शिकवायला निघालेला मी, आणि माझी चूक पोरांनी इमानेइतबारे पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पेपर आपटले. "कुणी सांगितली उत्तरं?"

पोरं माना खाली घालून बसली. दारातून आवाज आला, "मी सांगितली."

गुरुजी आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध्यासारखं काही नव्हतं. उलट, काम फत्ते केल्याचं समाधान होतं. "शाळा सुटल्यावर बसवून घेतली पोरं दोन्ही वर्गांची. तीन दिवस घोकून घेतलं. एकबी चुकलं न्हाई ना?"

"गुरुजी, काहून केलं हे?"

"काहून म्हंजी? इन्स्पेक्शनला साहेब येतो तवा न्हाई का आपण पोरं तयार करत? पोरं चुकली की मास्तरवर येतं. हितं तं तुझ्यावर आलं असतं. तू नापास झाला असतास लेकरा."

गावाकडं तपासणीचा अर्थ हाच. बाहेरून कुणी बघायला आलं की चांगलं दाखवायचं, घरात पाहुणा आला की नवी चादर अंथरायची तसं. त्यांनी माझ्या प्रबंधाला चादर अंथरली होती. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं डोकं गरम, आणि त्यातच दहाच्या आकड्यानं मला स्वतःची लाज वाटत होती. स्वतःची लाज वाटली की माणूस दुसऱ्यावर ओरडतो. मी भर वर्गात, त्यांच्याच पोरांसमोर म्हणालो, "कळत नसंल तं मधी पडू नये माणसानं. माझं वर्ष घालवलं तुमी."

गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आता कसं करावं?" एवढंच विचारलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडून गणिताचं उत्तर मागितलं.

उत्तर माझ्याकडं तयार होतं. नववी बाद. आठवीच्या दोन तुकड्या घ्यायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचं. महिनाअखेरपर्यंत पंधरवडा उरला होता, तेवढ्यात बसत होतं. आणि अट एकच: या पंधरवड्यात गुरुजींनी त्या पोरांशी बोलायचं नाही. शिकवायचं तर नाहीच, शाळेत नाही, रस्त्यात नाही, अवांतरसुद्धा नाही.

"नमस्ते म्हणलं तं?" त्यांनी विचारलं.

"मान हलवा."

"बराबर हाये," ते म्हणाले.

आठवीलाही गणित गुरुजीच शिकवायचे. त्यांच्या तासाला आता मी उभा राहायचो आणि ते बाहेर लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दिवशी त्यांचं तोंड वर्गाकडं होतं. मी खिडकीतून बघितलं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केली. पोरं पाणी प्यायला बाहेर आली की ते उठून मागच्या बाजूला जायचे. एक पोरगी पायरीवरून पडली, गुडघा फुटला. ते धावले, तिला उभं केलं, धोतराच्या सोग्यानं रक्त पुसलं, पण तोंडातून शब्द नाही. ती रडत विचारत होती, "गुरुजी, लई लागलं का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चाचणीच्या नोंदी करत होतो. ते तिला हातानंच थोपटत राहिले.

गावात उठलं की गुरुजींनी मौन धरलं. कुणी म्हणालं नवस असेल, कुणी म्हणालं शाळा सुटायची म्हणून मनाला लावून घेतलं. आई तेव्हा हळद शिजवायच्या कामावर जात होती. पिवळ्या हातांनी भाकरी वाढताना तिनं विचारलं, "काहून रे, गुरुजी पोरायशी बोलून न्हाई राहिले म्हनं?"

"माझं काम चालू हाये. मीच सांगितलं तसं."

ती भाकरी हातात धरून तशीच थांबली. "तू सांगितलं? त्यायला?" मग भाकरी ताटात टाकली आणि चुलीकडं वळली. मी स्वतःला समजावलं की हिला शास्त्र काय कळतंय. शिकलेल्या माणसाकडं सबबींची कधी ददात नसते.

शेवटचा पेपर सोमवारी ठेवला होता. निरोप समारंभ आला शनिवारी. मला तारखा आधीपासून माहीत होत्या. दोन्हींची एकमेकींशी गाठ घालून बघावी असं मात्र एकदाही मनात आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी पेट्यांमध्ये चिठ्ठ्या भरत होतो. गुरुजी दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. आत आले नाहीत.

"आज त्ये निरोपाचं हाये. दोन शब्द बोला म्हणतील लोकं. तुझी आठवीबी समोर बसंल." ते जरा थांबले. "चालंल का बोललं तं?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. उठून त्यांचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? मी विचार केला. खरंच केला, हातात आगपेटी धरून. ते बोलायला लागले की कुठं जातील याचा नेम नसायचा. पंधरा ऑगस्टला त्यांचं भाषण निजामाच्या राज्यापासून निघून चंद्रावर गेलेल्या माणसापर्यंत जायचं. निम्मी पोरं उन्हात बसल्या बसल्या पेंगायची आणि निम्मी तोंड उघडं टाकून ऐकायची. आकड्यांवर गेले, शून्याची गोष्ट सांगितली, तर? प्रबंध लिहिताना मी काय उत्तर देणार?

"बोला," मी म्हणालो, "पण थोडक्यात. गणिताचं नको. अभ्यासाचं, परीक्षेचं काही नको."

त्यांनी मान हलवली, पोरांच्या नमस्तेला हलवायचे तशीच.

मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. सगळं गाव आलं होतं, डोंगरकड्याचे त्यांचे जुने विद्यार्थी बैलगाडी करून आले होते. शाल झाली, नारळ झाला, हेडमास्तर बोलले, सरपंच बोलले. मग गुरुजी उठले. लोक मांडी बदलून ऐसपैस बसले, की आता तासाभराची निश्चिंती. गुरुजींनी समोर बसलेल्या आठवीकडं बघायचं टाळलं आणि वर लिंबाकडं बघत म्हणाले, "मंडळी, या गावानं मला लई दिलं. लेकरं गुणाची हायेत. माझ्याकडून कुनाला तकलीफ झाली असंल तं माफी करा."

आणि बसले.

लोक वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, पाणी पिऊन पुन्हा उठतील. शेवटी हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाजूला बायका हळहळल्या, गहिवर आला म्हणाल्या, शब्द फुटेना बिचाऱ्याला. मी आठवीच्या रांगेशेजारी उभा होतो आणि मला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. लाज नंतर आली, आणि आली ती कायमची राहायला आली. पण त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे लिहिताना आजही कान तापतात.

सोमवारी पेपर झाला. पेट्यांची तुकडी फळ्याच्या तुकडीपेक्षा थोडी पुढं निघाली, फार नाही, पण निघाली. मी त्याच दिवशी कागद पिशवीत कोंबून एस.टी. धरली. मे महिना लिहिण्यात आणि टाइप करून घेण्यात गेला. जूनअखेरीच्या आत प्रबंध दिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले की पेट्यांची कल्पना साधीच आहे, पण दुसऱ्या चाचणीत पाळलेली शिस्त विशेष उल्लेखनीय आहे. खेड्यातल्या शाळेत एवढं नियंत्रण कसं काय ठेवलंत? मी म्हणालो, "स्थानिक शिक्षकांचं सहकार्य मिळालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मार्गदर्शकांनी पाठ थोपटली. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं, दोनदा.

बांधून घेतलेली एक प्रत आणि पेढे घेऊन गावी गेलो. वाटेत ठरवलं होतं की आधी पायावर डोकं ठेवायचं, मग माफी मागायची. एस.टी.त वाक्यंही जुळवून ठेवली होती. गुरुजी दारात बाज विणत बसले होते. मला बघून सुंभ खाली टाकलं, हात धुतले, पंच्याला पुसले आणि मगच प्रबंध हातात घेतला. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं. पानं उलटता उलटता आगपेट्यांचं चित्र लागलं, तेव्हा लहान पोरासारखे हसले आणि घरात हाक मारून ते दाखवलं.

मी पाया पडलो. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला.

"एक इचारू का? तवापासून मनात हाये." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या दिशी भाषणात मी 'लेकरं गुणाची हायेत' म्हणलो. घरी आल्यावर ध्यानात आलं, त्ये नव्हतं म्हणाया पाहिजे. पोरायनं मनावर घेतलं असंल, न् सोमवारी जरा जास्ती जोर लावला असंल. तुझ्या पेपरात काही फरक तं न्हाई ना पडला?"

जुळवलेलं एकही वाक्य आता चालणार नव्हतं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. उत्तर चुकीचं आलं तर काय, या भीतीनं बघत होते.

"न्हाई गुरुजी," मी म्हणालो. "काहीच फरक न्हाई पडला."

"मंग बराबर हाये," ते म्हणाले, आणि सुटल्यासारखा श्वास टाकून त्यांनी पेढा तोंडात टाकला.