सहाच्या गाडीतली उमेदवार

बाळांनो, मागच्या आठवड्यात मी कोडोलीपलीकडे बहिणीकडे राहिले होते. तिथून एसटीने कोल्हापूरला डॉक्टरांकडे निघाले, तर वाटेत एक मुलगी दांड्याला धरून उभी राहिली आणि सगळ्या गाडीपुढे भाषण करू लागली. त्या दुपारी विद्यापीठाच्या वादविवाद मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. तिची तालीम आमच्यावर चालली होती.

"मंडळाची सभा सातला आणि आमची शेवटची गाडी सहाला. खेड्यातल्या पोरींनी वाद घालायचा कवा? मी सभा दुपारच्या सुट्टीत घेणार."

"मग पोरं उपाशी ऱ्हायची व्हय?" मागून एक आजोबा ओरडले.

तिने वेणी पाठीवर टाकली. "डबा खात खात वाद घालू की, आजोबा. तोंडात घास असला की समोरच्याचं ऐकून तरी घेतील."

गाडीभर हशा झाला. कंडक्टरने मतं मागितली, तेव्हा मीही हात वर केला.

संध्याकाळी परतीच्या गाडीत ती एकटीच चढली. अंगावर गुलाल नाही, बरोबर कुणी नाही.

कंडक्टरने हळूच विचारलं, "पडलीस व्हय?"

"न्हाई, निवडून आलोय की. सातला सत्कार ठेवलाय म्हणाले. म्हटलं, सातला मी घरात असतोय, उद्या दुपारी ठेवा."

मग गाडीत जो गलका झाला, त्यात तिचं नाव विचारायचं माझं राहूनच गेलं.