सुरेखाचा रक्तगट

कुणीही भेटलं की सुरेखा आधी रक्तगट विचारायची, नाव मागाहून. कळंबच्या शाळेत मी अकरावीला जीवशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा पहिल्याच तासाला पेठ गावाहून येणारी ही पोरगी उभी राहिली. "सर, तुमचा रक्तगट कंचा?" मी म्हणालो, बी पॉझिटिव्ह. "लई बेस!" म्हणत ती खाली बसली. तिची धाकटी बहीण शीतल थॅलेसेमियाची, रक्तगट माझाच. तिला दर तीन-चार आठवड्यांनी पुण्याला नेऊन रक्त चढवावं लागे आणि त्यासाठी दाता घरच्यांनीच शोधायचा. पंधरा दिवसांत मी तिथल्या दवाखान्यात रक्त द्यायला कॉटवर आडवा झालो होतो. इतका उपयोगी मी आयुष्यात कुणाला वाटलो नव्हतो.

आनुवंशिकता शिकवताना मी सांगितलं, थॅलेसेमियाचा दोष आई आणि बाप दोघांच्या रक्तात असला, तरच मूल असं आजारी जन्मू शकतं. आईबापांना मात्र काही होत नाही. मग विचारलं, "लग्नाआधी रक्त तपासून घ्याल का?" मागच्या बाकावरचे हसले. "सर, रिपोर्ट खराब आला तर पोरगी कोण दील?" एक मुलगी पुटपुटली, "आमाला कोण इचारतंय!" सुरेखा म्हणाली, "आदी इचारायचं, मंग रडायचं. आमच्या घरात उलटं झालं." तिची आई म्हणजे तिच्या वडिलांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच असतो. मीही मामाचीच मुलगी केलेली. तपासणी सोडा, पत्रिकासुद्धा पाहिली नव्हती.

त्याच हक्काने सुरेखाही लोणीच्या आत्याच्या दत्ताला देऊ केलेली होती. बारावी झाली की लग्न. तिने पुण्यातच स्वतःचं रक्त तपासून घेतलं, तर दोष तिच्यातही निघाला. मी म्हणालो, "सध्या कुणाजवळ बोलू नकोस. दुसरी स्थळंही यायची नाहीत." शिक्षक झालो तरी माणूस भित्राच. ती म्हणाली, "सर, मंग शिकीवलं कशाला?"

दिवाळीत ती लोणीला गेली आणि सगळ्यांसमोर दत्ताला तपासणी करून घे म्हणाली. आत्या भडकली. "माज्या पोराच्या रक्तात खोट काढती व्हय गं?"

"आत्या, खोट माज्यात हायेच. त्याच्यात बी हाय का, येवढंच बघायचं."

दत्ता भला माणूस. मुकाट पुण्याला गेला. त्याच्यातही तेच निघालं आणि सुरेखाने लग्न मोडलं. आत्याने भावाच्या घरी येणं सोडलं. "तुमीच तिच्या डोस्क्यात भरवलं," म्हणून सुरेखाची आई शाळेत येऊन माझ्यासमोर रडली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, छातीही फुगली.

सुरेखाचं पुढे रीतसर तपासून लग्न झालं, ती नाशिककडे असते. शीतल मात्र सतराव्या वर्षी वारली. मला अभिमान आहे तो लग्न मोडल्यानंतरच्या एका दुपारचा. शीतलला रक्त चढत होतं, शेजारच्या स्टुलावर मी रक्त देऊन चहा पीत बसलो होतो. तेरा वर्षांची ती पोर एकदम म्हणाली, "ताई, दत्ताला नाय म्हणालीस. माज्यावानी पोर नको म्हणून ना?"

सुरेखा बहिणीचा हात चोळू लागली.

"तुज्यावानी पोर झाली तर डोक्यावर घिऊन नाचंन मी. पर तिला दर म्हैन्याला सुई टोचताना आई व्हऊन बघायची ताकद माज्यात न्हाई. बहीण हाय, म्हणून निभावतंय."

शीतलने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर त्यांची आई पदर तोंडाशी धरून बसली होती.

"मंग बरं केलंस," ती म्हणाली. "मला बी आईकडं बघवत नाय."