भाडं वेळेवर आलं होतं

दीड महिन्यापूर्वी सकाळी आठच्या सुमारास हुडकेश्वरहून निलेशचा फोन आला. निलेश हा माझ्या थोरल्या बहिणीचा, शालूताईचा, भाडेकरू. "मामा, आज मावशींचा फोन नाही आला, म्हणून मी खाली जाऊन पाहिलं…" पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

शालूताई शाळेत क्लार्क होती. लग्न केलं नाही, इतवारीतल्या घरी आमच्यातच राहिली. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून तिनं हुडकेश्वरला एकाच इमारतीत तीन फ्लॅट घेतले, तेव्हा तिकडे धड रस्ताही नव्हता. आम्ही म्हणत होतो, सोनं घे. "सोनं काय दर महिन्याले घर चालवते काय गा?" असं तिनं मलाच विचारलं. घरमालकीण म्हणून ती कडक होती. अकरा महिन्यांचा करार, पोलीस पडताळणी, भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी विचारायचं. पण गळका नळ तिनं कधी दुसऱ्या दिवसावर ढकलला नाही. भाडेकरूच्या घरात विनाकारण डोकवायचं नाही, हाही तिचा नियम, आणि त्याचा तिला अभिमान होता.

तिच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बोंद्रेकाका राहायचे. मूळचे काटोलचे, निवृत्त कंडक्टर, एकटेच. परदेशातल्या मुलानं त्यांच्या खात्यातून दर पाच तारखेला भाडं आपोआप जमा होईल अशी सोय करून दिली होती. त्या महिन्यातही पाच तारखेला भाडं आलं. आठ तारखेला शेजाऱ्यांना वास आला. डॉक्टर म्हणाले, जाऊन पाच-सहा दिवस झाले असतील.

"भाडं आलं गा," ताई पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिली. "म्हून मले वाटलं, माणूस बरा आहे."

दलालानं तिला सांगितलं, रंग मारा आणि गप्प राहा. तिनं रंग मारला, पण गप्प राहिली नाही. घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वयंपाकघर दाखवायच्या आधीच सगळं सांगायची. लोक चपला घालून निघून जायचे. आठ महिने फ्लॅट रिकामा राहिला, आणि मग एके दिवशी तिनं स्वतःचं सामान टेम्पोत भरायला घेतलं.

"काहून जाऊन राहिली तू तिथं?" मी चिडून विचारलं.

"लोकायले नाही चालत, मले चालते," ती म्हणाली.

तिथून ती वरच्या दोन्ही भाडेकरूंना रोज सकाळी साडेसातला फोन करू लागली. एकानं वैतागून घर सोडलं. निलेश टिकला. "मावशी, जिवंत आहे," एवढं म्हणून तो फोन ठेवायचा. तिला तेवढंच हवं असायचं. मी मात्र तिला एकदाही सकाळचा फोन केला नाही. ती करतेच की सगळ्यांना, असं वाटायचं…

तेरावं झाल्यावर फ्लॅट आवरायला गेलो, तेव्हा दिसलं की दाराला आतून कडी नाही. वरचीही नाही, खालचीही नाही. स्क्रूच्या भोकांत लांबीचा लगदा भरून वरून रंग दिलेला. बाहेरून किल्लीनं उघडेल असं एकच कुलूप, आणि त्याची दुसरी किल्ली निलेशकडे. बोंद्रेकाकांचं दार तोडावं लागलं होतं. आपलं कोणाला तोडावं लागू नये, याची तिनं तजवीज करून ठेवली होती.

मागच्या आठवड्यात एक जोडपं आलं. त्यांना मी दोन्ही मरणं सांगितली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आमच्या बजेटमध्ये हेच बसते काका," ती मुलगी म्हणाली. "फक्त आतून कडी लावून द्या. यांची रात्रपाळी असते, मी एकटीच असते."

तिचं काही चुकत नव्हतं. गुरुवारी सुतार आला. "जुन्याच भोकांत बसवू का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणालो, आणि तो लांबी खरवडायला लागला तसा बाहेर जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो.