फादरला सौदा येत नव्हता

फादरनं मला फसवलं. सडक अर्जुनीच्या हायवेवर जुन्या मोटारसायकली विकून मी घर उभं केलं. मला फसवणारा माणूस या पट्ट्यात जन्मला नव्हता, म्हणून तो केरळातून यावा लागला.

घासाघीस या माणसाला ठाऊकच नव्हती. गाडी घ्यायला आला तेव्हा मी नेहमीसारखा भाव चढवून सांगितला आणि भांडायला सरसावून बसलो. हा म्हणाला, "बरं." असं कुठं असतं का? समोरचा भांडलाच नाही, तर खाली यायचं कुणासाठी? शेवटी मीच स्वतःशी भांडून भाव उतरवला, वर नवी चेन घालून दिली आणि दिवसभर दुसऱ्या गिऱ्हाइकांवर खेकसत बसलो.

त्याच्या धर्मसंघात कुणाच्या नावावर काहीच नसतं. गाडी मिशनची, झगाही मिशनचा. मी हौसेनं दिलेला स्वेटर आठवडाभरात मिशनच्या स्वयंपाक्याच्या अंगावर दिसला. "काऊन फादर, माझ्या स्वेटरात काटे होते का?" तर म्हणतो, "भाऊ, त्याले जास्त थंडी वाजून राहिली होती." मराठी तो आमच्याच खेड्यांत शिकला होता. केरळी जिभेवरची ती झाडीबोली ऐकून म्हशीही मान वर करत.

बारावीत नापास झालेली माझी पोरगी नर्स झाली ती त्याच्या शिकवणीमुळे. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याच्याकडून शब्द घेतला, की बुद्धवंदनेला पहिल्या रांगेत बसायचं. "बसतो," म्हणाला. आणि लग्नाच्या तोंडावर वरून हुकूम आला: टांझानिया. या संघाची माणसं साऱ्या जगात पेरलेली. कुणाला कधी उपटून कुठं लावतील, नेम नाही.

मी तडक नागपूरला त्यांच्या प्रांतप्रमुखापुढे जाऊन बसलो. म्हटलं, "हा राहू द्या, बदल्यात दुसरे दोन न्या."

तो हसला. "ते दोन तुमचे आहेत का? अहो, तुमचे फादर स्वतःच विचारून गेले माझ्याकडे."

परतलो तो थेट मिशनवर. फादर एका पिशवीत सगळा संसार भरत होता.

"काय मागितलं तुम्ही?"

"लग्न होईपर्यंत राहू द्या म्हटलं. ते नाही म्हणाले."

"मंग?"

"मंग मी बरं म्हटलं."

"अरे बापा! आधी दोन वर्षं मागायची, रडायचं, मंग लग्नावर उतरायचं! इतकी वर्षं माझ्या दुकानात बसून काय पाहून राहिले होते?"

तो ओशाळून हसला. आयुष्यात एकदाच सौदा करायला गेला, तोही माझ्या पोरीसाठी, आणि पहिल्याच बोलीत खरी किंमत सांगून बसला.

लग्नात पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी रिकामी ठेवली. तिच्यावरून व्याह्यांशी भांडलोसुद्धा. त्याच्या जागी आलेला फादर क्लचच्या तारेसाठीही घासाघीस करतो. हुशार माणूस आहे. त्याला मी एक पैसा सोडत नाही, आणि तरी मजा येत नाही.

म्हणून रोममध्ये त्यांचा जो सगळ्यात मोठा फादर बसतो, त्यानं मला जवाब द्यावा: माणसाला सारं जग फिरायला धाडता, तर त्याले स्वतःसाठी मागायला कायले शिकवत नाही?