परकं कोकरू

आईच्या अंगावरच्या घोंगडीचा वास आला आणि पुण्याच्या दवाखान्यातली वडिलांची, आबांची, सही आठवली. आबांच्या मेंदूत गाठ होती, औषध तिथवर पोचत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "नव्या चाचणीत औषधाच्या नॅनो कणांवर असं आवरण चढवतो, की मेंदू त्यांना आपलं समजून आत घेईल." मामा भडकले, "प्रयोगाला माणूस द्यायचा न्हाई. ह्यांना घरी न्या." जन्मभर मेंढरं राखलेले आबा उठून बसले. "मेंढी परकं कोकरू पाजत न्हाई. तवा तिच्याच मेलेल्या पिल्लाचं कातडं त्याला पांघरून मी पाजून घेतलंय. हे तसंच हाय. सही कुठं करायची?" आबा वाचले नाहीत. आज आईच्या कॅन्सरवरच्या नव्या चाचणीचे कागद बघून मामा पुन्हा "घरी न्या" म्हणाले. मी डॉक्टरांकडं पेन मागितलं.