न दुखणारी गाठ

“ही गाठ मला साधी वाटत नाही,” एमआरआयचे फोटो बघत मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “सार्कोमाचा संशय आहे.” सार्कोमा म्हणजे हाडात किंवा स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा कॅन्सर.

माझा विश्वासच बसेना. मी वर्सोव्याची कोळीण, अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. डाव्या मांडीतली गाठ लिंबाएवढी होती, तिची मोसंबी झाली, पण दुखली कधीच नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नुसता हात लावून सांगितलं होतं, “चरबीची आहे, अर्ध्या तासात काढून टाकू.” आता खरं कोण बोलतंय?

मॅडमना आधी बायोप्सी हवी होती, म्हणजे जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायचा. शेजारीण म्हणाली, “सुई टोचली की पसरतो गं!” मी तारखेला गेलेच नाही. तीन आठवडे वाया घालवले. हॉस्पिटलचा फोन आला की वाटायचं, यांना एवढी घाई कशाला?

शेवटी नवरा, जनार्दन, वैतागला. “माझ्याशी काय भांडतेस? त्यांना तोंडावर विचार ना!”

विचारलं. मॅडम रागावल्या नाहीत. पेनाने मांडीवर रेघ मारली. “ताई, सुई इथून जाईल. ऑपरेशनमध्ये ही वाटसुद्धा गाठीबरोबर काढू. म्हणून पसरायची भीती फार थोडी. न तपासता नुसती गाठ काढली, तर कॅन्सर आत राहू शकतो.”

बायोप्सी करून घेतली. रिपोर्टमध्ये सार्कोमाच निघाला. सीटी स्कॅनमध्ये छाती साफ होती, म्हणजे फुप्फुसात पसरला नव्हता. तरी ऑपरेशनच्या सकाळी मॅडम आणि जनार्दन दाराबाहेर हळू बोलताना दिसले. तो आत येताच मी त्याला धरलं.

“पाय कापणार आहेत ना? खरं सांग.”

“नाही गं. मीच रडत होतो. मला समजावत होत्या.”

पटलं नाही. सहीचा कागद मी ओळ न् ओळ वाचून घेतला, मगच सही केली.

शुद्धीवर आले तेव्हा सिस्टर म्हणाली, “पाय आहे हं.” तिचंही ऐकलं नाही. चादर सरकवली, अंगठा हलवून बघितला. हलला. तेव्हा कुठे रडू फुटलं.

पुढे काही आठवडे रेडिएशन झालं, म्हणजे कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशी मारायला किरण देतात. आता जरा लंगडते, पण बाजारात बसते. दर तीन महिन्यांनी तपासणी असते.

तुमच्या अंगावर कुठे वाढणारी गाठ असेल, तर दुखायची वाट बघू नका. संशय आला तर डॉक्टरांनाच विचारा. माझा पाय मॅडमनी वाचवला, त्याचे उपकार आहेतच. पण माझ्या एकाही प्रश्नाला त्या हसल्या नाहीत, ते मी जन्मभर विसरणार नाही.