तुम्हाला काय दिसतं?

आपण काढलेल्या फोटोबद्दल अवाक्षर न बोलणारा माणूस सबंध मुंबईत एकच उरला असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मी साध्या पोह्यांच्या फोटोखाली चार ओळी लिहितो, त्यातली एक शेंगदाण्यांवर असते. मामा मात्र काळाचौकीच्या आपल्या चाळीच्या ग्रुपवर, जिथे जावई म्हणून मलाही घेतलंय, रोज सकाळी एक फोटो टाकतात आणि खाली काहीच लिहीत नाहीत. 'शुभ सकाळ'सुद्धा नाही. कुणी विचारलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "तुम्हाला काय दिसतं?"

आता चाळीला गप्प बसण्याची सवय नाही, त्यामुळे अर्थ लावायचं काम ती आपल्या अंगावर घेते. एकदा मामांनी मोरीतल्या गळक्या नळाचा फोटो टाकला. नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या एका थेंबात समोरची अख्खी गॅलरी उलटी दिसत होती. सेक्रेटरींना ती तक्रार वाटली आणि दुपारच्या आत प्लंबर येऊन नळ दुरुस्त करून गेला. आपला थेंब गेला म्हणून मामा रात्री जेवले नाहीत, पण खुलासा केला नाही तो नाहीच. आमच्या लग्नातही हौसेने कॅमेरा गळ्यात अडकवून फिरले. फोटो आले तेव्हा बायको रडकुंडीला आली, "मामा, यात मी कुठे आहे?" मामा म्हणाले, "तुला काय दिसतं?" ती म्हणाली, "अक्षता गोळा करणारी केरसुणी." "मग बरोबर आहे," म्हणाले आणि मठ्ठा प्यायला गेले. तो फोटो आज आमच्या दिवाणखान्यात आहे, आणि लग्नातला तेवढा एकच फोटो मी अजून थांबून बघतो.

गेल्या विसर्जनाला मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. मिरवणुकीभोवतीचा दोर धरून चाललेल्या एका कार्यकर्त्याचा त्यांनी पाठमोरा फोटो काढला. पांढरा सदरा, टोपी, एक खांदा जरा उतरलेला, पाय अनवाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो ग्रुपवर आला. आम्ही मामांच्या खोलीत चहा घेत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकी सुनेचा मोबाइल छातीशी धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी तिसरा मजला चढून आल्या. काकींचे यजमान हयातभर तो दोर धरत आले होते. त्यांना जाऊन दोन गणपती झाले होते.

"अरे बाबा, हे आमचेच मां?" काकींनी विचारलं.

तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी लिहिलंही, 'मामा, फोटो कधीचा आहे?' मी सांगायला तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी चहाचा घोट घेतला. मग ते कधी नव्हे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "काकी, तुम्हाला काय दिसतं?"

"माका माझो घोव दिसता."

"मग तेच."

इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाला मामांचा आडमुठेपणा समजत होतो, त्यात एवढी माया मावते हे मला त्या सकाळी कळलं. काकी बराच वेळ फोटो बघत बसल्या. मग डोळे पुसून चक्क रागावल्या, "बघ, परत अनवाणीच गेले." मामांनी आपला चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवला. ग्रुपवरच्या प्रश्नाला त्यांनी शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो असा होता: तळमजल्यावरचा काकींचा उंबरा, आणि बाहेर काकांच्या जुन्या चपला, धुऊन पुसून जोडीने मांडलेल्या.

खाली शब्द नव्हताच. मी काहीतरी लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. रात्रीपर्यंत ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही, सेक्रेटरींनीसुद्धा.